डॉक्युमेंटेशन लिहितं कोण, सांभाळतं कोण

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांशी संबंधित लोकांचं सर्वेक्षण केलं. अपुरं किंवा जुनाट डॉक्युमेंटेशन, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणारा मजकूर, ही अडचण सर्रास भेडसावते, असं ९३ टक्के लोकांनी सांगितलं. योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतात किंवा कधीच लावत नाहीत, हेही त्यात दिसलं. यावरून कोणाला आळशी ठरवणं अन्यायाचं होईल. लिहायला हौसेने पुढे येणारे लोक या चळवळीला सुरुवातीपासून मिळत आले आहेत. घोडं अडतं ते लिहिलेलं सांभाळण्यापाशी.

युनिक्स या संगणक प्रणालीच्या सुरुवातीला हा पेच नव्हता. नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल लॅब्स या अमेरिकी प्रयोगशाळेत युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं, तेव्हा लिहिणारे आणि प्रणाली घडवणारे एकच होते: केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची. एकेका आज्ञेच्या पानाशेवटी ‘बग्ज’ या मथळ्याखाली तिच्यातल्या उणिवा मोकळेपणाने मांडलेल्या असत आणि ‘ओनर’ या मथळ्याखाली जबाबदार माणसाचं लघुनाव. काही चुकलं तर कोणाला गाठायचं, हे पानावरच कळे.

युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्स या मुक्त प्रणालीच्या मागे मात्र ना कंपनी होती ना प्रयोगशाळा. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये तिचा कर्नल, म्हणजे गाभा, खुला केला आणि पुढच्याच वर्षी मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस आणि मायकेल जॉन्सन यांनी लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट उभा केला. त्याचं घर होतं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या सनसाइट सर्व्हरवर. मोठी मार्गदर्शक पुस्तकं एकीकडे आणि छोटे ‘हाउटू’ दुसरीकडे, अशी विभागणी झाली. एक हाउटू म्हणजे एक काम: प्रिंटर जोडणं, मोडेमवरून इंटरनेट मिळवणं, नेटवर्क कार्ड ओळखवणं. वर लेखकाचं नाव, आवृत्ती, तारीख आणि दुरुस्त्या कळवायचा पत्ता. लेखकाने एसजीएमएल या खुणांच्या भाषेत एकच फाइल लिहायची; साधा मजकूर, वेबपान आणि छापील प्रत तिच्यातूनच तयार व्हायची. ओलाफ किर्शचं नेटवर्क व्यवस्थापनावरचं पुस्तक तर १९९५ मध्ये ओ'रायली प्रकाशनाने छापलं आणि तरीही ते नेटवर मोफत उपलब्ध राहिलं. फावल्या वेळात काम करणाऱ्यांनी हे सगळं उभं केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण प्रत्येक हाउटू एकेका लेखकाच्या मालकीचा होता. काहींच्या परवान्यात तर बदल करायलाच मनाई होती. लेखकाची नोकरी बदलली, ईमेल बंद पडला, की कर्नल पुढे जाई आणि मजकूर होता तिथेच राही. चूक डोळ्यांसमोर दिसत असूनही दुसऱ्याला ती सुधारता येत नसे. डेबियन या लिनक्सच्या एका वितरणाने तर असे हाउटू वेगळे काढून ‘नॉन-फ्री’, म्हणजे मुक्त नसलेल्या, विभागात ठेवले. मार्च २००० मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा मुक्त डॉक्युमेंटेशन परवाना आला, पण त्यात काही भाग कायमचे अपरिवर्तनीय ठेवण्याची मुभा होती. डेबियनमध्ये त्यावर दीर्घ वाद झाला. असे भाग नसतील तरच तो मजकूर मुक्त मानायचा, असा कौल अखेर २००६ मध्ये मतदानाने लागला.

तोवर विकी, म्हणजे वाचकांनाच बदलता येणारं संकेतस्थळ, रुळली होती. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, तेव्हापासून पान कोणीही दुरुस्त करावं ही कल्पना हळूहळू पसरत गेली. मालकीचा अडसर गेला, पण जबाबदारीही विरून जाण्याचा धोका आला. जेंटू या लिनक्सच्या आणखी एका वितरणाच्या वापरकर्त्यांनी स्वतंत्रपणे चालवलेल्या विकीचा डेटा २००८ मध्ये गेला आणि बॅकअप नव्हता. याउलट आर्च लिनक्स या वितरणाची विकी आज इतर लिनक्स वापरणारेही हक्काने उघडतात. तिथे मजकूर जुना झाला असेल तर वाचक त्या जागी ‘कालबाह्य’ अशी खूण लावतो, शंका चर्चापानावर मांडतो आणि बदल करताना कारण नोंदवतो. माझ्या मते तिच्या यशाचं मर्म या शिस्तीत आहे.

तिसरी वाट पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळींनी रुळवली. गेऑर्ग ब्रांडलचं स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशन तयार करण्याचं साधन २००८ मध्ये आलं. मजकूर कोडच्या शेजारीच ठेवायचा आणि कोडसारखाच तपासून घ्यायचा, ही पद्धत त्यामुळे सोपी झाली. २०१० मध्ये रीड द डॉक्स या संकेतस्थळाने अशी पानं आपोआप तयार करून प्रसिद्ध करायची सोय दिली. २०१६ मध्ये खुद्द लिनक्स कर्नलनेही स्फिंक्स स्वीकारलं. मात्र गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन न येणारा चांगला लेखक या वाटेवर उंबऱ्याबाहेर राहतो, हा तिचा मोठा दोष आहे.

आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या, सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सांभाळण्याची साखळी आणखी लांबते. तिथे आधी स्क्रिप्ट लिहिली जाते, नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते आणि मग ध्वनिचित्रफीत होऊन मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज चढवला जातो. सॉफ्टवेअरचा मेनू बदलला की स्क्रिप्ट, चित्रण आणि एकेका भाषेतला आवाज, सगळ्यांनाच पुन्हा हात लावावा लागतो.