फांदीवरची कॅटलिया

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये एक छोटं चित्र आहे, चहाच्या ट्रेएवढं. जेमतेम ३५ बाय ४६ सेंटिमीटर. डावीकडे गुलाबी कॅटलिया ऑर्किडचं भलंमोठं फूल, उजवीकडे घरट्यापाशी तीन हमिंगबर्ड, फांद्यांवरून लोंबणारं शेवाळ आणि मागे धुक्यात विरत गेलेलं जंगल. मार्टिन जॉन्सन हीड या अमेरिकी चित्रकाराने ते १८७१ मध्ये लाकडावर तैलरंगात रंगवलं.

फुलांचं स्थिरचित्र म्हटलं की टेबल, फुलदाणी आणि कापून आणलेली फुलं, हा डच चित्रकारांपासूनचा रिवाज. हीडनेही फुलदाण्या भरपूर रंगवल्या. इथे मात्र त्याने फूल पुन्हा झाडावर नेऊन बसवलं. आपल्याकडचं सीतेची वेणी हे ऑर्किड जसं फांदीला धरून वाढतं, तशीच ही कॅटलिया.

याची सुरुवात पक्ष्यांपासून झाली. लहानपणापासून हमिंगबर्डचं आपल्याला जवळजवळ वेडच होतं, असं हीडने स्वतःच लिहून ठेवलंय. १८६३ मध्ये तो ब्राझीलला गेला. तिथल्या हमिंगबर्डांचा रंगीत छापील चित्रसंग्रह काढायचा बेत होता. सम्राट दुसरा पेद्रो याने त्याला मानाचा किताबही दिला. पण पुढे लंडनमध्ये छपाई मनासारखी उतरेना, आगाऊ वर्गणीदारही पुरेसे मिळेनात. संग्रह बारगळला. नंतर निकाराग्वा, कोलंबिया, पनामा, जमैका अशी भटकंती झाली आणि १८७० नंतर पक्ष्यांच्या जोडीला ऑर्किड आलं.

ऑर्किडचं खूळ तेव्हा ऐन भरात होतं. १८१८ मध्ये इंग्रज निसर्गअभ्यासक विल्यम स्वेन्सनने ब्राझीलहून धाडलेल्या रोपांपैकी काही इंग्लंडमध्ये विल्यम कॅटली यांच्या काचघरात फुललं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी कॅटलींचंच नाव या फुलाला दिलं. स्वेन्सनने ही रोपं पॅकिंगचा पाला म्हणून वापरली होती, ही कथा अजून सांगितली जाते, ती खोटी. खरी गंमत वेगळीच आहे. ही कॅटलिया लेबियाटा नेमकी कुठल्या रानात उगवते, हे युरोपातल्या व्यापाऱ्यांना पुढची सत्तरेक वर्षं सापडलंच नाही. माणसं पाठवून पाठवून ते थकले.

हीडचं जंगल तरी खरं आहे का? चित्रातला लांब लाल शेपटीचा कॉमेट जातीचा हमिंगबर्ड हा बोलिव्हिया-अर्जेंटिनाकडच्या अँडीज पर्वतातला. ब्राझीलच्या कॅटलियाशी त्याची गाठ पडायची नाही. म्हणजे टिपणं आणि आठवणी जुळवून रचलेला हा देखावा. माझ्या मते त्याने काहीच बिघडत नाही. धुक्यातला ओलावा मात्र जागेवर जाऊन अनुभवल्याशिवाय असा उतरत नाही.

१९०४ मध्ये फ्लोरिडात हीड वारला, तेव्हा त्याचं नाव जवळपास पुसलं गेलं होतं. १९४० च्या दशकात अभ्यासकांचं पुन्हा लक्ष गेलं. तरी त्याचं मखमलीवरच्या मॅग्नोलियांचं एक चित्र इंडियानातल्या एका घरात भिंतीचं भोक झाकायला टांगलेलं होतं. १९९९ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयाने ते साडेबारा लाख डॉलरला घेतलं.