डोळ्यांचं यमक की तोंडचं यमक?

‘जॅक अँड जिल’ म्हणताना आपल्याकडच्या बालवाडीतल्या मुलांना काही खटकत नाही, चालीवर सगळं निभावून जातं. पण ओळींचे शेवट नीट ऐका. ‘जिल’ला ‘हिल’ आहे, ‘डाउन’ला ‘क्राउन’ आहे, आणि मग एकीकडे ‘वॉटर’ आणि दुसरीकडे ‘आफ्टर’. इतकी चोख जोडणी करणाऱ्याने कडवं जिथे बंद व्हायचं नेमक्या तिथेच यमक सैल का सोडलं असेल?

इंग्रजी कवितेत अशी जागा आली की दोन स्पष्टीकरणं हाताशी असतात आणि त्यांची सतत गल्लत होते. पहिलं म्हणजे ‘आय राइम’, डोळ्यांचं यमक. शब्दांची शेपटं कागदावर सारखी दिसतात, पण कानाला वेगळी लागतात. ‘कॉफ’ (खोकला) आणि ‘बाउ’ (फांदी) या दोन्ही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं असतात, तसं. दुसऱ्याला मी तोंडचं यमक म्हणेन. कवीच्या गावात किंवा कवीच्या काळात ते दोन शब्द खरोखर जुळत होते. आपण वेगळ्या गावचे, वेगळ्या काळाचे, म्हणून आपल्या तोंडी ते फुटतात. पहिल्यात कवीने कानाला मुरड घातलेली असते. दुसऱ्यात कवीचा कान शाबूत असतो, बदललेले आपण असतो. या दोहोंत फरक न केल्याने कितीतरी कवींवर विनाकारण ठपका बसला आहे, आणि तो मला मनापासून सलतो.

सगळ्यात सोपी कसोटी स्पेलिंगची. दोन शब्दांची स्पेलिंगच वेगळी असतील तर ते यमक डोळ्यांसाठी असूच शकत नाही. कवी अलेक्झांडर पोपने 1711 साली ‘एसे ऑन क्रिटिसिझम’ हे दीर्घ काव्य छापलं. चुकणं माणसाचं आणि क्षमा करणं देवाचं, ही जगभर म्हणीसारखी वापरली जाणारी ओळ त्यातलीच. ती संपते ‘डिव्हाइन’ या शब्दावर, आणि तिच्या आधीची ओळ संपते ‘जॉइन’वर. या दोन शब्दांची अक्षरं जुळत नाहीत, मग डोळ्याला काय मिळणार? पोपच्या काळात ‘जॉइन’ हा शब्द ‘जाइन’ असा म्हटला जाई. आता म्हणून बघा, यमक पुरं भरतं.

त्याच पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’मध्ये, 1714 साली वाढवून छापलेल्या आवृत्तीत, राणी ॲनला उद्देशून दोन ओळी आहेत. तीन राज्यं जिची आज्ञा पाळतात ती राणी हॅम्प्टन कोर्टच्या महालात कधी सल्ला घेते आणि कधी चहा. पहिल्या ओळीचा शेवट ‘ओबे’, दुसरीचा ‘टी’. त्या वेळी चहाला ‘टे’ म्हणत. आयर्लंडच्या खेड्यांत हा ‘टे’ पुढे विसाव्या शतकातही टिकून राहिला, म्हणजे लंडनमध्ये जो उच्चार मागे पडला तो समुद्रापलीकडे बोली म्हणून जिवंत होता. काळाचा फरक आणि गावाचा फरक म्हणून वेगळे काढता येत नाहीत. राजधानीतला जुना उच्चार दूरच्या गावी मुक्कामाला असतो.

‘वॉटर’चंही तेच आहे. इंग्रजीत ‘डब्ल्यू’च्या पाठोपाठ येणारा आखूड ‘ॲ’ सतराव्या शतकात दक्षिणेकडच्या, प्रतिष्ठित मानल्या गेलेल्या उच्चारात ‘ऑ’कडे सरकला. ‘डब्ल्यू’साठी ओठ गोल होतात, ते पुढच्या स्वरापर्यंत तसेच राहिले, इतकं साधं कारण. म्हणून आज ‘वॉन्ट’, ‘वॉझ’, ‘वॉन्डर’ असे उच्चार होतात. ‘गूझी गूझी गँडर’ या बालगीतात ‘गँडर’ला जोडलेला ‘वॉन्डर’ आज डोळ्यांचं यमक वाटतो, कारण स्पेलिंगची शेपटं अगदी सारखी आहेत. प्रत्यक्षात ‘वँडर’ म्हणणाऱ्यांसाठी ते कानाचं, भरभक्कम यमक होतं. आणि ‘वॉटर’ जेव्हा ‘वॅटर’ होता तेव्हा तो ‘आफ्टर’च्या जुन्या, आखूड स्वराच्या कितीतरी जवळ बसत होता. मधला ‘फ’ उरतोच, पण स्वर एक होतो. बालगीतांचे मोठे अभ्यासक आयोना आणि पीटर ओपी यांनी याच जोडीवरून ‘जॅक अँड जिल’चं पहिलं कडवं सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं असावं असा अंदाज बांधला. एका यमकावरून कवितेचं वय काढता येतं, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

उत्तर इंग्लंडच्या बोलींनी हा ‘वॅटर’ सोडला नाही. विल्यम वर्ड्‌स्वर्थचा जन्म 1770 साली तिथलाच, कंबरलंडमधल्या कॉकरमथचा. 1798 साली तरुण विल्यम हॅझलिटने त्याला बोलताना ऐकलं, आणि पुढे 1823 साली छापलेल्या निबंधात त्याच्या आवाजातल्या ठसठशीत उत्तरी वळणाची आठवण लिहून ठेवली. म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकात डॅफोडिल्सची कविता लिहिणारा हा कवी आज शाळेत ऐकवल्या जाणाऱ्या ध्वनिफितींतल्या गुळगुळीत उच्चारात बोलत नव्हता. लीड्‌समध्ये 1937 साली जन्मलेल्या कवी टोनी हॅरिसनने ‘देम अँड उझ’ (म्हणजे ‘ते आणि आपण’; ‘उझ’ हा ‘अस’चा उत्तरी उच्चार) या कवितेत नेमकं हेच ठणकावून सांगितलं: वर्ड्‌स्वर्थचे ‘मॅटर’ आणि ‘वॉटर’ ही पुरी यमकं आहेत. त्या कवितेत एक शाळकरी मुलगा वर्गात कीट्सची कविता वाचू लागतो. ‘हार्ट’मधला ‘ह’ गिळून ‘आर्ट’ म्हणतो, आणि चार शब्दांतच शिक्षक त्याला रानटी म्हणून गप्प करतात. कविता ही ‘अस’ म्हणणाऱ्यांची, ‘उझ’ म्हणणाऱ्यांची नव्हे, असा तो निवाडा. हॅरिसनने उलट तपासणी केली: ज्यांच्या कविता तुम्ही त्या उच्चारात वाचताय, ते कवी तरी तसे बोलत होते का?

कीट्स तर नव्हताच. तो 1795 साली लंडनमध्ये जन्मला, आणि त्याच्या लंडनी तोंडात स्वरानंतरचा ‘आर’ वाजत नव्हता. त्याने ‘थॉट्स’ला ‘सॉर्ट्स’ जोडलं, ‘हायर’ला ‘थलाया’ ही ग्रीक काव्यदेवता जोडली. लंडनमध्ये ‘हायर’चा शेवट ‘हाया’ असाच होतो, तेव्हा कानाला काही कमी पडत नाही. पण ऑगस्ट 1818 मध्ये एडिंबराच्या ‘ब्लॅकवुड्‌ज मॅगझिन’ने त्याच्यावर कडाडून हल्ला केला, त्यात ‘कॉकनी यमकं’ हाही एक आरोप होता. कॉकनी म्हणजे लंडनच्या सामान्य वस्तीची बोली. एडिंबराचा माणूस आजही प्रत्येक ‘आर’ खणखणीत वाजवतो हे ध्यानात घ्या, म्हणजे ते यमक तिथे का खुपलं असेल याची कल्पना येते. पुढे हॉपकिन्स या कवीनेही आपल्या एका कविमित्राला पत्रातून हाच आक्षेप कळवला, पण फार प्रामाणिकपणे. जोवर कुणी ना कुणी तो ‘आर’ उच्चारतंय तोवर अशी जोडणी खुपणारच, कानाला नव्हे, मनाला, असं त्याचं म्हणणं. म्हणजे कान जुळले तरी डोळा अडला. डोळ्यांच्या यमकाच्या हे बरोबर उलट आहे, आणि दोघांमधली सीमारेषा इतकी स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. आज काय झालं आहे? ‘आर’ गिळणं हीच इंग्लंडमधल्या सुशिक्षित उच्चाराची खूण बनली. ज्याला गावठी म्हणून हिणवलं ते यमक आता लंडनच्या कोणत्याही व्यासपीठावर निर्दोष वाजतं. ग्लासगोत, डब्लिनमध्ये, शिकागोत मात्र फुटतं. आणि आपल्याकडेही, कारण मराठी माणूस इंग्रजी बोलताना ‘सॉर्ट्स’मधला ‘र’ सोडत नाही.

आता अवघड प्रकरण. स्पेलिंग सारखं असेल तेव्हा काय करायचं? ‘लव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ ही जोडी बहुतेक मार्गदर्शकांत डोळ्यांच्या यमकाचं ठरलेलं उदाहरण म्हणून दिलेली असते. शेक्सपियरची सुनीतं 1609 साली छापली गेली. त्यातल्या 116व्या सुनीताच्या शेवटच्या दोन ओळी ‘प्रूव्ह्‌ड’ आणि ‘लव्ह्‌ड’वर संपतात. सबंध सुनीताचा भार ज्या जोडओळीवर तोललेला, तिथे कवी फक्त डोळ्यांवर भागवेल, हे मला पटत नाही. आणि इथे बाहेरचा साक्षीदारही आहे. शेक्सपियरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन याने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापलं गेलं. त्यात आखूड ‘ओ’ कुठे ‘यू’च्या जवळ जातो याची उदाहरणं देताना तो ‘मदर’, ‘ब्रदर’, ‘लव्ह’, ‘प्रूव्ह’ हे शब्द एकाच रांगेत बसवतो. साक्ष याहून स्पष्ट काय हवी? भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी अशाच पुराव्यांवरून जुना उच्चार बांधला, आणि 2004 साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ त्या उच्चारात उभं राहिलं.

मग टेनिसन घ्या. 1850 सालच्या ‘इन मेमोरियम’च्या पहिल्याच कडव्यात पहिली ओळ ‘लव्ह’वर आणि चौथी ‘प्रूव्ह’वर संपते. जोडी तीच. पण एव्हाना सुशिक्षित इंग्रजीत दोन्ही स्वर केव्हाच वेगळे झाले होते. टेनिसनने ती वापरली कारण अडीचशे वर्षांच्या कवितेने ती पवित्र करून ठेवली होती, आणि स्पेलिंगने तिला झाकून घेतलं. म्हणजे 1609 मध्ये जे तोंडचं यमक होतं तेच 1850 मध्ये डोळ्यांचं झालं. शब्दांच्या जोडीकडे बघून प्रकार ठरवता येत नाही, हे यातून दिसतं. कवी कोण, कुठला, कधीचा, हे आधी विचारावं लागतं. भर म्हणजे लीड्‌स-यॉर्कशायरकडे आजही ‘लव्ह’ हा ‘लुव्ह’च्या जवळ म्हटला जातो, त्यामुळे तिथल्या तोंडी ही जोडी लंडनपेक्षा जास्त जवळ येते.

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या बाबतीत हा घोळ होत नाही, कारण त्याने बोली कागदावरच उतरवली. 1786 सालच्या ‘टू अ लाउस’मध्ये चर्चमध्ये बसलेल्या एका नटव्या बाईच्या टोपीवर ऊ फिरते आहे. शेवटी तो म्हणतो, दुसरे आपल्याला जसे बघतात तसं स्वतःला बघण्याची देणगी कुणीतरी आपल्याला द्यावी. ‘गी अस’, ‘सी अस’, ‘फ्री अस’, अशी त्याची यमकं. ‘गी’ म्हणजे स्कॉट्समध्ये देणं. त्याजागी शिष्ट इंग्रजीचा ‘गिव्ह’ ठेवला की पहिली ओळ लगेच निसटते.

मराठीत हा भेद चटकन जाणवत नाही, कारण आपली लिपी उच्चाराशी बरीच इमानी आहे. तरी दोन्ही प्रकार आपल्याकडे आहेत. ‘आज’ आणि ‘समाज’ कागदावर हुबेहूब जुळतात, पण ‘आज’मधला ‘ज’ दंत्य आणि ‘समाज’मधला तालव्य. हे डोळ्यांचं यमक. ‘पाणी’ आणि ‘जवानी’ पुण्यात जुळत नाहीत, वऱ्हाडात ‘पानी–जवानी’ पक्कं जुळतं. हे तोंडचं. त्या वऱ्हाडी ओळीला पुण्यात बसून कुणी कच्चं यमक म्हणू लागलं तर आपण त्याला लगेच अडवू.

प्रत्येक न जुळणारी जागा या दोन्हींपैकी एकीत बसते असंही नाही. एमिली डिकिन्सन ‘सोल’ला ‘ऑल’ जोडते ते बुद्ध्या केलेलं अर्धं यमक. ब्लेकच्या 1794 मधल्या ‘द टायगर’मध्ये ‘आय’ आणि ‘सिमेट्री’ची जोडी आहे. स्पेलिंग पुरतं जुळत नाही, म्हणजे डोळ्यांचं नाही. ब्लेकच्या लंडनमध्ये ‘सिमेट्राय’ म्हणत नव्हते, म्हणजे तोंडचंही नाही. पण शेक्सपियरच्या काळी अशा शब्दांचा शेवट कवितेत ‘आय’ला जोडण्याची मुभा होती. सातव्या सुनीतात त्याने ‘आय’ला ‘मॅजेस्टी’ जोडलंच आहे. ब्लेकने ती परंपरेची मुभा उचलली असं मला वाटतं, आणि नेमकी प्रमाणबद्धतेचा अर्थ असलेल्या शब्दावर उचलली.

मोठ्याने वाचताना मी काय करते? पोप वाचताना बेधडक ‘टे’ म्हणते. राज्यकारभारावरून चहावर कोसळण्याची सगळी गंमत त्या यमकाच्या ठोक्यावर उभी आहे. ‘टी’ म्हटलं की ठोका चुकतो आणि विनोद विरतो. कीट्ससाठी ‘र’ गिळते. बर्न्स जसा लिहिलाय तसा. शेक्सपियरच्या त्या शेवटच्या जोडओळीत ‘प्रूव्ह्‌ड’ थोडा आखूड करते, ‘लव्ह्‌ड’ थोडा उकाराकडे नेते, की दोन्ही मध्यावर भेटतात. टेनिसनला मात्र हात लावत नाही. त्याच्या त्या कडव्यात ‘लव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ आजच्यासारखेच, वेगवेगळे म्हणायचे.