दरडोई भागाकारात न दिसणारी गरिबी

बाईच्या एकटीच्या कमाईवर चालणारं घर जास्त गरीब असणार, असं आपण धरूनच चालतो. ज्याँ द्रेझ आणि पी. व्ही. श्रीनिवासन या अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय नमुना पाहणीतली ग्रामीण कुटुंबांच्या खर्चाची आकडेवारी तपासली, तेव्हा मात्र तसं दिसलं नाही. दरडोई खर्च पाहिला तर महिला कुटुंबप्रमुख असलेली घरं इतरांपेक्षा गरीब ठरत नव्हती. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचं मोल पुढच्या पायरीत आहे. त्यांनी तो भागाकारच तपासायला घेतला.

दरडोई खर्च काढताना घराचा एकूण खर्च माणसांच्या संख्येने भागतात. म्हणजे सहा माणसांच्या घराला तिघांच्या घरापेक्षा बरोबर दुप्पट पैसे लागतात, असं मानलं जातं. भाकरी दुप्पट लागतात, हे खरं. पण छप्पर एकच असतं, दिवा एकच जळतो, चूल एकदाच पेटते. समजा, विधवा आणि तिची दोन मुलं महिन्याला 6,000 रुपयांत भागवतात आणि सहा जणांचं एकत्र कुटुंब 12,000 रुपयांत. दरडोई दोन्हीकडे 2,000च येतात. एकत्र राहण्यातली ही बचत धरण्यासाठी दुसरी एक रूढ पद्धत संख्येऐवजी तिच्या वर्गमुळाने भागते. तिने मोजलं तर लहान घराच्या वाट्याला साधारण 3,460 येतात, मोठ्या घराच्या वाट्याला 4,900.

द्रेझ आणि श्रीनिवासन यांना एवढा मोठा फरक धरायचीही गरज पडली नाही. एकत्र राहण्यातून होणारी थोडीशी बचत हिशेबात घेतली, तरी एकट्या विधवा, अविवाहित मुलांबरोबर राहणाऱ्या विधवा आणि महिला कुटुंबप्रमुख यांच्यातलं गरिबीचं प्रमाण ग्रामीण सरासरीच्या वर गेलं. कारण ही घरं लहान असतात. नवरा गेल्यावर चूल वेगळी होते, आणि वाटून घेतला जाणारा खर्च एकटीवर येतो.

सरासरीनेही बरंच झाकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या सुमारे 18 टक्के घरांच्या प्रमुख महिला होत्या. नवरा मुंबईला नोकरीत आहे आणि दर महिन्याला पैसे पाठवतो, अशी रत्नागिरीतली बाई यात येऊ शकते. बीडमधली ऊसतोड करणारी विधवाही यातच. दोघींची सरासरी काढून दोघींबद्दलही काही कळत नाही.

ऊसतोडीत तर कामच जोडीने मोजलं जातं. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायको. तोडणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं हे दोघांनी मिळून करायचं. नवरा गेला की ती अर्धा कोयता होते. जोडीला भाऊ किंवा वयात येणारा मुलगा मिळाला तर काम, नाहीतर गावातली मजुरी. नवऱ्याने घेतलेली उचल फिटली नसेल, तर तगादा तिच्याच मागे लागतो.

जमीन असली तरी प्रश्न सुटत नाही. 1956च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. पण फेरफार झालाच नाही किंवा सातबारा सासऱ्यांच्या नावावर असला, तर पीककर्जासाठी तिला दारात उभं करत नाहीत. शेतात राबते ती, आणि कागदावर शेतकरी दुसराच. खर्चाच्या पाहणीत हे उमटत नाही, म्हणून मालकी आणि कर्जाचे प्रश्न त्याच पाहणीत जोडायला हवेत असं मला ठामपणे वाटतं.

मदतीच्या अटीही तपासायला हव्यात. इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 2012 पासून महिना 300 रुपये आहे आणि वयाची अट किमान 40 वर्षांची. लहान मुलं पदरात असलेली तिशीतली विधवा यात बसतच नाही. महाराष्ट्रात तिला संजय गांधी निराधार योजनेकडे जावं लागतं, आणि तिथे कित्येक वर्षं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत दाखवावं लागत आलं आहे. म्हणजे महिन्याला 1,750. शेतमजुरीचे मोजके दिवस भरले तरी ही मर्यादा ओलांडली जाते.