पक्षांतर्गत लोकशाही

राजकीय पक्षाचे पदाधिकारी, उमेदवार व धोरण सभासदांच्या मताने ठरण्याची व्यवस्था. पक्षात ती खरोखर आहे का, हे तीन गोष्टींवरून कळते: नेता कोण निवडतो, उमेदवारी कोण देतो आणि सभासदाला पक्षातून कोण काढू शकतो.

संघटनात्मक निवडणूक सहसा खालून वर जाते. प्राथमिक सभासद स्थानिक समिती निवडतात, तेथून प्रतिनिधी जातात व ते अध्यक्ष निवडतात. निकाल मात्र बरेचदा मतदानाआधी, सभासदांची यादी बनतानाच लागतो. एखादा गट वर्गणीची एकगठ्ठा रक्कम भरून आपली माणसे नोंदवतो. प्रतिस्पर्ध्याला यादीच मिळाली नाही, तर अर्जावर सही करणारा सूचक मतदार आहे की नाही, हेही त्याला पडताळता येत नाही. मग निवड 'बिनविरोध' होते, किंवा सर्वाधिकार श्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव होतो. म्हणून नोंदणीची अंतिम तारीख, यादीची प्रसिद्धी, हरकतींची मुदत आणि पदावर नसलेला निर्वाचन अधिकारी या बाबी गुप्त मतदानाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. काँग्रेसच्या 2022 च्या अध्यक्षीय निवडणुकीत (खर्गे 7,897, थरूर 1,072 मते) यादी खुली करण्याची मागणी पक्षाच्याच काही खासदारांनी केली होती.

पक्षात सत्ता मोजक्यांच्या हाती साचतेच, असे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी 1911 मध्ये मांडले. जर्मनीने त्यावर कायद्याने बांध घातला. तेथील 1967 च्या पक्ष कायद्यानुसार कार्यकारिणी किमान दर दुसऱ्या वर्षी निवडावी लागते व ते मतदान गुप्त असते. नवे सभासद घेणे सरसकट बंद करण्यास मनाई आहे. हकालपट्टीचा निर्णय पक्षाचा लवाद देतो. कार्यकारिणीतील व्यक्तीला किंवा पक्षाच्या पगारी नोकराला त्या लवादावर बसता येत नाही. ही शेवटची अट फार मोलाची आहे, कारण फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असला की विरोधी मत मांडणारा पक्षात टिकत नाही.

भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 29अ (1989 पासून लागू) नोंदणीवेळी पक्षाकडून लोकशाहीवरील निष्ठेची हमी घेते. पण ती मोडल्यास नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये ठरवले. पक्ष फुटला की ही ढिलाई अंगाशी येते. 2023 मध्ये शिवसेनेच्या वादात, निवडणुकीऐवजी नेमणुकांवर चालणारी पक्षघटना आयोगाने आधार म्हणून मानली नाही. संघटनेत बहुमत कोणाचे, याचाही निष्कर्ष निघाला नाही. नाव व चिन्ह आमदार-खासदारांच्या संख्याबळावर दिले गेले.