'फिलिबस्टर' : लुटारूंकडून सिनेटपर्यंत

अमेरिकी सिनेटमध्ये एखादं विधेयक अडलं की 'फिलिबस्टर' हा शब्द हमखास कानावर येतो. मतदान होऊच नये म्हणून तासन् तास बोलत राहायचं, हा त्याचा रूढ अर्थ. जन्म मात्र सभागृहातला नाही, समुद्रावरचा आहे.

लुटीवर जगणाऱ्याला डच भाषेत जो शब्द होता, तो कॅरिबियन चाच्यांबरोबर फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये गेला. स्पॅनिशमधल्या 'फिलिबुस्तेरो'वरून अमेरिकनांनी तो घेतला आणि १८५०च्या दशकात एका विशिष्ट जमातीला लावला: खासगी फौज जमवून लॅटिन अमेरिकेतले देश बळकावायला निघालेली माणसं. त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध विल्यम वॉकर. १८५५मध्ये तो निकाराग्वात उतरला, पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष होऊन बसला आणि तिथे बंद झालेली गुलामगिरी त्याने पुन्हा कायदेशीर केली. १८६०मध्ये होंडुरासमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

त्याच दशकात हा शब्द अमेरिकी काँग्रेसमधल्या वादावादीत येऊ लागला. पुढे कामकाज ओलीस धरणारा सदस्य म्हणजे फिलिबस्टर करणारा, असा अर्थ पक्का झाला. युक्ती त्याहून जुनी. रोमच्या सिनेटमध्ये धाकटा केटो सूर्यास्तापर्यंत बोलून ठराव हाणून पाडायचा. अमेरिकेत तिला वाव मिळाला तो १८०६मध्ये, चर्चा बहुमताने थांबवण्याची तरतूद सिनेटच्या नियमांतून काढून टाकल्यावर. १९१७मध्ये दोन तृतीयांश मतांनी चर्चा बंद करण्याचा नियम आला, पण तेवढी मतं क्वचितच जमत.

गुलामगिरी पसरवणाऱ्यांना लावलेल्या या शब्दाचा सर्वांत लज्जास्पद वापर पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांविरुद्धच झाला, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. जमावाने केलेल्या हत्या रोखणारी विधेयकं दक्षिणेतल्या सिनेटरांनी याच मार्गाने वर्षानुवर्षं अडवली. १९५७मध्ये नागरी हक्क विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थर्मंड सलग २४ तास १८ मिनिटं बोलले. ते विधेयक तरीही मंजूर झालं. १९६४चं विधेयक दक्षिणेतल्या सिनेटरांनी दोन महिन्यांहून अधिक काळ रोखून धरलं. अखेर १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद झाली.

१९७५पासून बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायला १००पैकी ६० मतं लागतात. ती जमणार नाहीत असं दिसलं, की विधेयक तिथेच अडतं. विरोधकांना आता उभं राहून बोलावंही लागत नाही.