आधी दफनाची नोंद, मग मृत्युपत्र: वसईतल्या शेतकरी पूर्वजाचा माग कागदोपत्री कसा काढायचा

वसईत जमिनीच्या कामासाठी, वंशावळीसाठी किंवा नुसत्या ओढीने जुन्या माणसाचा शोध घेणारे बहुतेक जण आधी विल शोधायला निघतात. घरात कुणीतरी म्हणालेलं असतं, "आजोबांच्या आजोबांनी विल केलं होतं, वाडी आपल्याला लिहून ठेवली होती." मग दुय्यम निबंधक कार्यालयात खेप होते. तिथे पहिला प्रश्न येतो, "मयत कधी झाले? पुरावा आहे?" पुरावा नसतो. मीही असाच रिकाम्या हाताने परत आलेलो आहे, दोनदा. कुणी साधं सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं: आधी चर्चच्या वहीतली दफनाची नोंद काढा. ती हातात असेल तरच मृत्युपत्राचं दार उघडतं.

ही माहिती वसई, साष्टी आणि मुंबईच्या गावठाणांतल्या कॅथलिक शेतकरी घरांसाठी आहे. सामवेदी असोत, वाडवळ असोत की साष्टी-मुंबईकडचे ईस्ट इंडियन, या तिन्ही समाजांची वाट थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

किती मागे जाता येईल

वसईचा मुलूख १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो जिंकला. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवण्याचा दंडक कॅथलिक चर्चच्या त्रेंत परिषदेने १५६३ मध्येच घातला होता, पण १७३९ च्या धामधुमीत कितीतरी चर्चेस पडली आणि त्यांची दप्तरं पांगली. त्यामुळे त्याआधीचं काही मिळेल ही आशा धरून निघू नका. १८१८ नंतर, इंग्रजी अमलातल्या पूर्वजावर लक्ष ठेवा.

राज्य इंग्रजांचं असलं तरी वसईची धर्मग्रामं (पॅरिश) पाद्रुआदोखाली, म्हणजे पोर्तुगीज राजाश्रयाखालीच राहिली. ही दुहेरी व्यवस्था १९२८ च्या करारानंतर संपली. म्हणून १८८० सालच्या इंग्रजी राज्यातल्या शेतकऱ्याचा बाप्तिस्मा पोर्तुगीजमध्ये लिहिलेला सापडतो. मुंबईकडच्या काही वह्या लॅटिनमध्ये आहेत. पुढे १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला. वही मात्र सहसा ज्या त्या धर्मग्रामातच असते, त्यामुळे पहिला अर्ज तिथल्या धर्मगुरूंकडेच करायचा. बिशप हाऊसकडे नंतर.

चर्चकडे कोण अर्ज करू शकतं

चर्चचा कायदा, म्हणजे १९८३ ची कॅनन संहिता, याबाबत स्पष्ट आहे. प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवायच्या आणि जुन्या वह्या काळजीने जपायच्या, हे कलम ५३५ सांगतं. स्वतःच्या वैयक्तिक स्थितीबद्दलच्या नोंदीची प्रमाणित प्रत मागण्याचा हक्क त्या व्यक्तीला आहे, हे कलम ४८७ मध्ये आहे. हा हक्क स्वतःच्या नोंदीपुरता आहे. पणजोबांच्या बापाच्या नोंदीसाठी तुम्ही विनंती करता, आणि ती मान्य करणं धर्मगुरूंच्या हातात असतं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ७९ मध्ये लग्नाच्या वहीत शोध घेऊ देण्याची आणि शुल्क घेऊन नक्कल देण्याची तरतूद आहे, पण ती फक्त लग्नांपुरती.

विनंती असल्यामुळे अर्ज नीट लिहावा लागतो. "माझ्या पूर्वजांची माहिती द्या" असा अर्ज कुणालाही पुढे सरकवता येत नाही. व्यक्तीचं नाव, घरात म्हणायचं नाव, गाव आणि आळी, अंदाजे दहा वर्षांचा काळ, बापाचं किंवा बायकोचं नाव ठाऊक असेल तर ते, आणि कामाचं कारण, एवढं एका पानात बसतं. सोबत आधार कार्डाची प्रत आणि नात्याची साखळी जोडा: तुमचा बाप्तिस्म्याचा दाखला, आईवडिलांच्या लग्नाचा दाखला, आजोबांचा मृत्यूचा दाखला, आणि शक्य असेल तर जमिनीचा फेरफार ज्यात पणजोबांचं नाव 'मयत' म्हणून आलं आहे. साखळीतला एक दुवा कमी असला तरी अर्ज करा, पण तो कुठला ते स्वतःहून लिहा. धर्मगुरूंना ते शोधत बसायला लावू नका.

आणखी एक. पावसाळ्यात जाऊ नका. मी ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा धर्मगुरूंनी वही कपाटातून काढायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. जुन्या शाईने पान आतून खाल्लेलं असतं, कसरीने कडा कुरतडलेल्या असतात आणि दमट हवेत ओळीच्या ओळी गळून पडतात. मी जानेवारीत परत गेलो. वही टेबलावर पसरून त्यांनी स्वतः पानं उलटली. मला हात लावू दिला नाही. मोबाइलने फोटो मात्र काढू दिले, फ्लॅश बंद करून.

नोंद वाचायची कशी

पोर्तुगीज येत नसेल तरी दहा-बारा शब्दांवर काम चालतं, कारण मजकूर ठरीव असतो. सुरुवात तारखेने, तीही अक्षरांत: 'आउस त्रेझ दियास दु मेझ दि जुल्यु', म्हणजे जुलैच्या तेराव्या दिवशी. 'फिल्यु लेजितिमु दि' म्हणजे अमक्याचा औरस मुलगा. 'लाव्रादोर' म्हणजे शेतकरी. 'व्हियुवु' विधुर, 'सोल्तैरु' अविवाहित. 'पाद्रिन्यु' हा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. लॅटिन वहीत शेतकऱ्याला 'आग्रिकोला' लिहितात.

महिन्यात एक खोडा आहे. सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने आकड्याने आखूड करून लिहायची पद्धत होती. सात आणि पुढे 'ब्रु' असं दिसलं की वाचणारा जुलै समजतो, पण तो सेतेम्ब्रु, म्हणजे सप्टेंबर. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचा 'क्ष'सारखा फुलीचा आकडा म्हणजे डिसेंबर. या एका चुकीमुळे मृत्यूची तारीख दोन महिने मागे जाते, आणि तीच तारीख पुढे सरकारी अर्जात गेली की दुरुस्त करताना नाकी नऊ येतात.

दफनाच्या नोंदीत शेवटची ओळ जपून वाचा. पोर्तुगीज पद्धतीत तिथे साक्रामेंत, म्हणजे मरणाआधीचे धर्मसंस्कार, मिळाले की नाही हे लिहीत आणि पुष्कळदा मृत्युपत्र केलं होतं की नाही हेही. 'तेस्तामेंतु' हा शब्द शोधा. त्याच्या आधी 'नांव फेझ' असेल तर केलं नाही, नुसतं 'फेझ' असेल तर केलं. माझ्या पणज्याच्या बापाच्या नोंदीत वय 'साठच्या सुमारास' असं होतं, धंदा लाव्रादोर, आणि शेवटी 'फेझ तेस्तामेंतु'. त्या दोन शब्दांनी घरातली शंभर वर्षांची कुजबुज खरी ठरवली. विल होतं.

नावांचा घोळ अटळ आहे. एकाच माणसाला बाप्तिस्म्याच्या वहीत दोमिंगोस, घरात दुमिंग आणि नंतरच्या इंग्रजी वळणाच्या वहीत डॉमिनिक म्हटलेलं असतं. त्यात बऱ्याच घरांत थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवत, म्हणून एका आळीत एकाच नावाचे नि आडनावाचे तिघे निघतात. त्यांना वेगळं करायचं तर धर्मपिता-धर्ममाता आणि बायकोचं नाव यांचा आधार घ्या. सरकारी कामासाठी 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र लागतं. ते करताना प्रत्येक कागदावरचं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा, सुधारू नका.

चर्चकडून फोटो पुरेसा नाही. धर्मग्रामाचा शिक्का आणि सही असलेला उतारा घ्या, त्यात वही क्रमांक, पान आणि नोंद क्रमांक आलेच पाहिजेत.

मृत्युपत्राची नक्कल

आता नोंदणी कार्यालय. नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे मृत्युपत्रं 'पुस्तक क्रमांक ३' मध्ये उतरवली जातात. खरेदीखतांचं पुस्तक १ कुणालाही पाहता येतं, पुस्तक ३ तसं नाही. विल करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. मात्र कलम ५७ च्या पोटकलम २ नुसार त्याच्या मृत्यूनंतर नक्कल अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळते. वारस असणं ही अट नाही. अट एकच, विल करणारा मयत असल्याचं दिसलं पाहिजे. १८९० सालच्या शेतकऱ्याचा नगरपालिकेचा दाखला कुठून आणणार? तिथे चर्चचा दफनाचा उतारा पुढे करायचा.

अर्जात अशी ओळ घाला: "नोंदणी अधिनियम १९०८ कलम ५७(२) अन्वये, मयत अमुक, राहणार अमुक, यांच्या मृत्युपत्राची पुस्तक क्रमांक ३ मधील प्रमाणित नक्कल व सूची क्रमांक ३ मधील नोंद मिळावी. मृत्यूबाबत चर्चचा उतारा सोबत जोडला आहे." पुस्तक ३ मधला शोध फक्त नोंदणी अधिकारीच घेतो, तुम्हाला पुस्तक चाळता येत नाही. म्हणून वर्षांची मर्यादा तुम्हीच अर्जात द्या: मृत्यूच्या आधीची पंधरा वर्षं आणि नंतरची पाच. नंतरची का, तर मृत्यूपश्चातही मृत्युपत्र नोंदवता येतं. शोधाचं शुल्क वर्षागणिक लागतं, पावती जपून ठेवा.

वसई आज पालघर जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी सगळं ठाणे. त्यामुळे एक अर्ज वसईच्या दुय्यम निबंधकांकडे आणि एक ठाण्याच्या जिल्हा निबंधकांकडे, एकाच दिवशी द्या. मृत्युपत्र कुठल्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतं, म्हणून पूर्वज वांद्र्याला लेकीकडे वारला असेल तर मुंबईकडेही विचारा. मोहोरबंद पाकिटात निबंधकाकडे ठेवलेल्या विलांची सोय याच कायद्यात आहे. असं पाकीट असेल तर मृत्यूची खात्री झाल्यावर निबंधक ते अर्जदारासमोर उघडतो आणि त्याची नक्कल पुस्तक ३ मध्ये करून घेतो.

नोंदणीच झालेली नसेल तर कोर्ट. २००२ च्या दुरुस्तीपर्यंत भारतीय ख्रिस्ती माणसाला विलाच्या आधारे कोर्टात हक्क सांगायचा तर प्रोबेट, म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घ्यावं लागे. प्रोबेट झालेलं मूळ मृत्युपत्र कोर्टाच्या दप्तरातच राहतं. वसईसाठी ठाण्याचं जिल्हा न्यायालय, मुंबई शहरासाठी उच्च न्यायालय. अर्जावर कोर्ट फी स्टँप लावून प्रमाणित नक्कल मागायची. नावासोबत मृत्यूचं वर्ष दिलंत तरच नोंदवहीत शोध लागतो, आणि ते वर्ष पुन्हा दफनाच्या नोंदीतूनच येतं.

परदेशात असाल तर इथल्या नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करा. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचं त्या देशाच्या सरकारचं प्रमाणपत्र) केलेलं असावं.

पोर्तुगीज भाषेतली नोंद पाहून काही जण पोर्तुगीज नागरिकत्वाची स्वप्नं बघतात आणि दलालांना पैसे देतात. वसईवर १७३९ नंतर पोर्तुगालचं राज्य नव्हतं. ती वाट १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांची आणि त्यांच्या वंशजांची. मूळ गोव्याचं असेल तर जुन्या चर्चवह्यांसाठी पणजीच्या पुराभिलेख संचालनालयाकडे वेगळा अर्ज करा.

विल नसेलच तर

'नांव फेझ तेस्तामेंतु' ही ओळही उपयोगाची आहे. माणूस विल न करता गेला, म्हणजे वारसा कायद्याने गेला. ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत १८६५ च्या आणि नंतर १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना समान, मुलगा-मुलगी भेद नाही. फेरफार मात्र पाहा. तिथे मुलगे तेवढे चढवलेले दिसतात. लेकी लग्न होऊन दुसऱ्या धर्मग्रामात गेल्या आणि सातबाऱ्यातून नाहीशा झाल्या.

त्या चर्चच्या वहीत मात्र असतात. माझ्या आजोबांच्या आत्याचं नाव आमच्या एकाही जमिनीच्या कागदावर नव्हतं. शेजारच्या धर्मग्रामातल्या लग्नाच्या वहीत ती सापडली, बापाचं नाव, आमचं गाव, वय सतरा. तो उतारा जोडून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नव्याने केलं, आणि तलाठ्याकडे देताना तिची फांदी भावांच्या रांगेत, वयाप्रमाणे दुसऱ्या जागी काढली.