स्कोपिंगची बैठक आणि जनसुनावणी: मच्छीमाराने बोलायची खरी वेळ कोणती?

बाहेरून पाहिलं तर दोन्ही बैठका सारख्याच दिसतात. बंदराजवळच्या एखाद्या हॉटेलचा नाहीतर शाळेचा हॉल, पुढे टेबलामागे तीन-चार माणसं, पडद्यावर तक्ते आणि मधल्या वाटेत माईक. बोलणारा उठतो, नाव सांगतो, बंदर सांगतो, कोणतं जाळं वापरतो ते सांगतो आणि मिळालेल्या दोन-तीन मिनिटांत म्हणणं मांडतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर समुद्री मासेमारीचे नियम ठरवताना अशा बैठका वर्षभर चालू असतात. त्यातल्या एका प्रकाराला ‘स्कोपिंग’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘पब्लिक हिअरिंग’, म्हणजे आपली जनसुनावणी.

एकीत प्रश्न कोणता आहे हे ठरतं. दुसरीत त्या प्रश्नाच्या तयार उत्तरांपैकी कोणतं घ्यायचं यावर मतं घेतली जातात. हा फरक ध्यानात आला नाही, तर माणूस अगदी बरोबर मुद्दा चुकीच्या दिवशी मांडतो. मग घरी येऊन म्हणतो, ‘आमचं कोणी ऐकतच नाही.’

आधी या बैठका घेतं कोण, ते पाहू. १९७६ साली अमेरिकेने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला हक्क सांगणारा कायदा केला. पुढे त्याला मॅग्नसन आणि स्टीव्हन्स या दोन सिनेटरांचं नाव मिळालं. या कायद्याने आठ प्रादेशिक कौन्सिलं स्थापन झाली: न्यू इंग्लंड, मिड-अटलांटिक, साउथ अटलांटिक, गल्फ, कॅरिबियन, पॅसिफिक, नॉर्थ पॅसिफिक आणि वेस्टर्न पॅसिफिक. बहुतेक ठिकाणी किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत राज्याचं राज्य चालतं, त्यापुढचं पाणी केंद्राचं. केंद्राच्या पाण्यातल्या मासेमारीच्या योजना ही कौन्सिलं बनवतात. न्यू इंग्लंडच्या कौन्सिलात मतदानाचा हक्क असलेले १८ सदस्य आहेत. राज्यांच्या मत्स्यखात्यांचे प्रमुख आणि केंद्राच्या मत्स्यसेवेचा विभागीय अधिकारी त्यात असतातच. बाकीची माणसं राज्यपालांनी दिलेल्या यादीतून केंद्रीय वाणिज्यमंत्री नेमतात. त्यांत बोटवाले असतात, मासळीचे व्यापारी असतात, हौसेने गळ टाकणारेही असतात. नियम ज्यांना पाळायचे त्यांच्यातलीच काही माणसं नियम लिहायला बसवलेली आहेत, आणि मला ही रचना फार मोलाची वाटते.

आता स्कोपिंग. ही कल्पना मासेमारीच्या कायद्यातून आलेली नाही. तिचं मूळ अमेरिकेच्या १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यात आणि त्याच्या अंमलबजावणीत आहे. मोठा निर्णय घेण्याआधी त्याच्या परिणामांचा अभ्यास करायचा, आणि त्या अभ्यासाची व्याप्ती किती असावी हे आधी लोकांना विचारायचं, असा तो विचार. या टप्प्यावर कौन्सिलच्या हातात मसुदा नसतो. असतं ते एक पातळसं टिपण. त्यात अडचण सांगितलेली असते आणि खाली प्रश्न असतात: आम्ही काय काय तपासावं? कोणते उपाय विचारात घ्यावेत? आमच्याकडून काही सुटतंय का?

समजा, कॉड मासा अंडी घालायला येतो त्या जागी वसंतात मासेमारी बंद ठेवायचा विचार चालला आहे. स्कोपिंगला आलेला बोटवाला म्हणतो, ‘तुम्ही हा चौकोन धरलाय, पण माझ्या पंधरा वर्षांच्या नोंदवहीत अंड्यावरचा कॉड याच्या उत्तरेला, खडकाळ कडेला सापडतो, आणि तोही तुमच्या तारखांच्या तीन आठवडे आधी. तेव्हा जागा लहान करून तारखा अलीकडे आणण्याचा पर्याय तपासा.’ एवढं बोलणं पुरेसं असतं. कौन्सिलचे कर्मचारी ते टिपून घेतात, पटलं तर तो पर्याय अभ्यासाच्या यादीत येतो, आणि वर्षभराने मसुद्यात ‘पर्याय क’ म्हणून तोच छापला जातो. तेव्हा सांगणाऱ्याचं नाव कुठेही नसतं. पण कागद त्याच्या बोलण्याने बदललेला असतो.

एकत्र बसून बोलण्याचं खरं उदाहरण द्यायचं तर मिड-अटलांटिक कौन्सिलच्या प्रवाळ योजनेचं देतो. त्या किनाऱ्यापासून दूर, जिथे उथळ तळ संपून एकदम खोल उतरतो, तिथे पाण्याखाली मोठमोठ्या घळया आहेत. त्यांच्या कड्यांवर थंड पाण्यातली, अतिशय सावकाश वाढणारी प्रवाळं आहेत. तळावरून ओढलेलं जाळं त्यांचा एका फेरीत चुराडा करतं. दुसरीकडे, स्क्विड (आपली माकूळ) पकडणारे त्याच घळयांच्या तोंडाशी जाळी ओढतात आणि त्यांचं पोट त्यावर आहे. २०१५ साली कौन्सिलने मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि पर्यावरणवाले यांना एका खोलीत बसवलं, नकाशे समोर ठेवले आणि एकेका घळीभोवतीची रेषा चर्चेने आखत नेली. रेषा इकडे सरकली की प्रवाळ उघडं पडणार, तिकडे सरकली की बोटीची नेहमीची वाट बंद होणार. जिथे भांडण व्हायचं तिथे माणसं नकाशावर वाकून बोलत होती, हे मला त्या सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत चांगलं वाटतं. २०१६ च्या डिसेंबरात अंतिम नियम आला. ३८,००० चौरस मैलांहून मोठं क्षेत्र तळाला लागणाऱ्या जाळ्यांपासून राखलं गेलं. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक तृतीयांश.

जनसुनावणी येते ती स्कोपिंगनंतर. कायदाच सांगतो की योजना बनवताना कौन्सिलने त्या त्या प्रदेशात, सोयीच्या जागी आणि वेळी सुनावण्या घ्याव्यात. बोलणाऱ्याने आपली पार्श्वभूमी आणि विषयातला आपला हितसंबंध थोडक्यात सांगावा, असंही कायद्यात आहे. आता टेबलावर जाडजूड मसुदा असतो. त्यात पर्याय अ, ब, क, आणि ‘काहीच न करणे’ हाही एक पर्याय असतो. प्रत्येकाचा मासळीवर, तळावर आणि बंदरातल्या कमाईवर काय परिणाम होईल याचे तक्ते असतात. अनेकदा कौन्सिलने ‘आम्हाला सध्या हा बरा वाटतो’ असं म्हणून एका पर्यायावर बोटही ठेवलेलं असतं.

इथे उठून कोणी म्हणालं की ‘जागा राहू द्या, तारखाच बदला’, आणि तो पर्याय मसुद्यात नसेल, तर तो उचलायचा म्हणजे अभ्यास मागे न्यायचा, तक्ते पुन्हा मांडायचे, कधी सुनावणीही पुन्हा घ्यायची. कौन्सिल क्वचितच त्याला तयार होतं. मांडलेल्या पर्यायांच्या दरम्यान कुठे थांबायचं असेल तर मात्र वाव असतो. म्हणून सुनावणीत सगळ्यात उपयोगी पडतं ते असं बोलणं: ‘पर्याय ब नको, क घ्या. ब आला तर मला दर फेरीला चाळीस मैल जास्त जावं लागेल, डिझेल इतकं वाढेल आणि एक माणूस कमी करावा लागेल.’

सुनावणीबद्दल दोन गैरसमज हमखास असतात.

पहिला, हे मतदान आहे. तसं नाही. दोनशे जणांनी एकच वाक्य म्हटलं तरी कौन्सिल त्या बाजूने जायला बांधील नाही. बऱ्याच सुनावण्यांना कौन्सिलचे थोडेच सदस्य हजर असतात. बाकीच्यांपर्यंत पोचतो तो कर्मचाऱ्यांनी केलेला सारांश. एकच वाक्य शंभरदा आलं तर सारांशात ती एक ओळ होते. एखाद्याने आपल्या बोटीचे आकडे दिले, तर त्याचा परिच्छेद होतो.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. लोक सुनावणीला येऊन म्हणतात, कोटा वाढवा. २००७ पासून कायदा असा आहे की कौन्सिलची वार्षिक पकडीची मर्यादा तिच्याच वैज्ञानिक समितीने सांगितलेल्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे माईकसमोर कितीही पोटतिडकीने बोललं, तरी समोर बसलेल्यांच्या हातात ते नाहीच. तो मुद्दा वैज्ञानिक समितीच्या बैठकीत मांडायचा. तीही लोकांना खुली असते, पण तिथे गर्दी नसते.

कौन्सिलने अंतिम मत दिल्यावरही एक दार उरतं. योजना वाणिज्यमंत्र्यांकडे जाते, ६० दिवस लेखी हरकती घेतल्या जातात, त्यानंतर ३० दिवसांत निर्णय. पण तिथे मंजूर, नामंजूर किंवा काही भाग मंजूर, इतकंच होऊ शकतं. नवा मजकूर घालता येत नाही. जितका उशीर, तितकं बोलण्याचं अंगण लहान.

उशिरा उठलेल्या आवाजाने नियम फिरवल्याचंही उदाहरण आहे, आणि ते सांगितलं नाही तर चित्र अर्धवट राहील. मेन राज्यातला लॉबस्टर. आपल्या शेवंडाला नांग्या नसतात, याला दोन दणकट नांग्या असतात. याचे नियम कौन्सिल नव्हे तर अटलांटिकवरच्या १५ राज्यांचा आयोग ठरवतो. तो १९४२ पासून आहे. (कौन्सिल आणि आयोग यांतही गल्लत होते, पण तो वेगळा विषय.) लॉबस्टर मोजायला प्रत्येक बोटीवर धातूचं एक छोटं माप असतं. त्याचं एक टोक डोळ्याच्या खोबणीत टेकवायचं आणि दुसरं पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत धरायचं. कवच मापापेक्षा आखूड भरलं तर लॉबस्टर परत पाण्यात. मेनच्या आखातात हे माप सव्वातीन इंच आहे. २०२३ च्या मे महिन्यात आयोगाने ठरवलं की लहान लॉबस्टरांची संख्या २०१६ ते २०१८ च्या सरासरीपेक्षा ३५ टक्क्यांनी घटली, तर माप एक सोळांश इंचाने वाढवायचं. म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आकडे आले: घट ३९ टक्के. नियम आपोआप लागू व्हायचा होता. तो दोनदा पुढे ढकलला गेला. २०२५ च्या जानेवारीत मेनमधल्या सभांत लॉबस्टरवाले इतके संतापले की राज्याने आपला नियम मागे घेतला, आणि पुढे आयोगानेही मापवाढ रद्द केली. आक्षेप खरा होता: शेजारच्या कॅनडात लहान लॉबस्टर चालतो, तेव्हा बाजार तिकडे जाईल ही भीती. पण ३५ टक्के हा आकडा आणि त्याला बांधलेली मापवाढ २०२३ मध्येच ठरली होती. आयोगाच्या पद्धतीत अशा छोट्या दुरुस्तीला स्कोपिंगचा वेगळा टप्पा नसतो. किमान ३० दिवसांची एकच संधी असते. ‘माप नको, दुसरा कोणता उपाय तपासा’ हे म्हणायची वेळ ती होती. २०२५ मध्ये उरलं होतं फक्त हो किंवा नाही. ‘नाही’ जिंकलं, पण लहान लॉबस्टरांची घट होती तिथेच राहिली.

हे सगळं मी आपल्या किनाऱ्यासाठी लिहितो आहे. आपल्याला जनसुनावणी चांगली ठाऊक आहे. १९ जानेवारी २०२४ ला वाढवण बंदरासाठी पालघरमध्ये झाली ती तीच. पण ती होते प्रकल्पासाठी. मासेमारीच्या नियमांसाठी आपल्याकडे अशी माईकची वाट नाही. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागून शाकारलेल्या असतात. ते दिवस नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावेत की नाही यावर कोळीवाड्यांत दरवर्षी चर्चा होते, निवेदनं जातात. पण तारखा ठरतात सरकारी आदेशाने. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात सल्लागार समिती आहे, परंतु समितीतल्या खुर्चीत आणि बंदरावरच्या उघड्या बैठकीत फरक आहे.

आणि आपल्या प्रकल्पांच्या पद्धतीत तर ‘स्कोपिंग’ हा शब्दसुद्धा आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत टप्पे दिलेत: छाननी, स्कोपिंग, लोकांशी सल्लामसलत, मूल्यांकन. मात्र आपल्या स्कोपिंगला लोक नसतात. तज्ज्ञांची समिती आणि प्रकल्पवाले मिळून अभ्यासात काय काय पाहायचं ते ठरवतात. त्या कागदाला ‘टर्म्स ऑफ रेफरन्स’ म्हणतात. अहवालाचा मसुदा तयार झाला की मग प्रदूषण नियंत्रण मंडळ ३० दिवसांची नोटीस देऊन जनसुनावणी घेतं, आणि तिथे मच्छीमार पहिल्यांदा माईकपाशी पोचतो. म्हणजे दोन बैठकांपैकी आपल्याला एकच मिळते, आणि तीही नंतरची.

तरी तो कागद गुप्त नसतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर प्रकल्पाच्या नावाने शोधला की सापडतो. गावावर प्रकल्प येणार असं कानावर आलं की तो उतरवून घ्यावा आणि चार गोष्टी शोधाव्यात: मासेमारीचं सर्वेक्षण सांगितलंय का, कोणत्या महिन्यांत, डोल जाळी आणि छोट्या होड्या मोजायच्या आहेत का, आणि सुकी मासळी वाळवायच्या जागा, म्हणजे आपल्या बायकांची कमाई, त्यात आली आहे का. नसेल तर सुनावणीची वाट न पाहता ते त्याच आठवड्यात त्या केंद्रीय मंत्रालयाला आणि तज्ज्ञ समितीला लेखी कळवावं, आपल्या बंदराच्या नोंदी जोडून.